चूक टांकसाळीची की कानशीची?

पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याचा काठ चंद्रकोरीसारखा कापलेला दिसला की नवोदित संग्राहकाचे डोळे चमकतात. टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांना संग्राहकांत मोल असते आणि याच मोहावर कानस बाळगणाऱ्यांचा धंदा चालतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे; चूक टांकसाळीत झाली की बाहेर, हा होय.

चंद्रकोरीचेच पाहू. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या छिद्राचा भाग नव्या चकतीत येतो. पुढे काठ उभारणाऱ्या यंत्रात कापलेल्या जागी दाब पडत नाही. परिणामी नेमका समोरचा काठही नीट उठत नाही. तेव्हा अस्सल नाण्यात समोरचा काठ बहुधा पुसट असतो. तो ठसठशीत असेल, तर कानशीची शंका घ्यावी. वजनकाटा येथे निरुपयोगी, कारण दोन्ही नाणी हलकीच भरणार!

रेषांचा निवाडा सोपा आहे. साच्याला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेषा उमटते. रेषा खोलगट असेल, तर तो बहुधा वापरातला ओरखडा.

उलट्या प्रतिमेच्या नाण्याबाबत मात्र जपावे. ठसा उमटलेले नाणे साच्यालाच चिकटून राहिले, तर पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याची आरशातल्यासारखी, खोलगट प्रतिमा उमटते. दोन नाणी शेगड्यात आवळूनही असे काही साधता येते. पण मग त्या खोलगट प्रतिमेखाली मूळ चित्राचे अवशेष भिंगातून दिसतात आणि पाठची बाजूही चेपलेली असते.

फिरलेला ठसा ओळखायला भिंगही नको. स्वतंत्र भारताचे नाणे सरळ धरून डावीकडून उजवीकडे फिरवले, की मागचे चित्र सरळच दिसायला हवे. ते किंचित कलले असेल, तर फार हुरळून जाऊ नये. पुरते आडवे वा उलटे असेल, तर नाणे जपून ठेवावे.

अनेकदा तर जी चूक वाटते ती चूक नसतेच. वर्षाखाली मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसते. खूण नसलेले नाणे म्हणून कोणी दामदुप्पट मागितले, तर हसून पुढे जावे. दहा रुपयांच्या नाण्यांतील फरकांचेही तसेच. त्यांच्या 14 वेगवेगळ्या रचना चलनात असून सर्व वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेनेच जानेवारी 2018 मध्ये केला होता. जुनी नाणी लाखोंना विकत घेण्याच्या नावाखाली बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध तिने ऑगस्ट 2021 मध्ये इशाराही दिला. नाणे विकण्यासाठी आधी पैसे भरा, असे सांगणाऱ्याशी पुढचे बोलणेच करू नये.