रायफलची सफाई आणि बोअर गाइड : गरज कोठे, अपवाद कोठे

रायफलची नळी गोळ्या झाडल्याने झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. ती चुकीच्या सफाईनेही झिजते, हे मात्र अनेक नव्या मालकांच्या उशिरा लक्षात येते. अमेरिकेत शिकारीचा अथवा नेमबाजीचा छंद जोपासणारे बहुतेक जण पहिल्या रायफलसोबत सफाईचा तयार संच विकत घेतात. त्यात तुकडे जोडून तयार होणारी सळई, ब्रश, कापडाच्या चिंद्या आणि द्रावकाची बाटली असते. बोअर गाइड मात्र बहुधा नसतो. ही वस्तू खरोखर आवश्यक आहे की केवळ हौशी मंडळींचे खूळ, असा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर रायफलच्या रचनेवर आणि सफाईच्या पद्धतीवर अवलंबून आहे.

बोअर गाइड म्हणजे काय?

बोअर गाइड ही प्लॅस्टिकची अथवा धातूची एक पोकळ नळी असते. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा बोल्ट काढून घेतल्यावर त्याच्या जागी ती मागील बाजूने सरकवतात. तिचे पुढचे टोक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, घट्ट बसते. या टोकाभोवती बहुधा रबराचे वर्तुळाकार कडे असते. त्यामुळे पुढे गेलेले द्रावक मागे झिरपत नाही. सफाईची सळई या नळीतून जात असल्याने ती नळीच्या मध्यरेषेत राहते.

थोडक्यात, बोअर गाइड स्वतः काहीही साफ करत नाही. सफाई करताना होऊ शकणारी हानी टाळणे, एवढेच त्याचे काम आहे.

हानी कोठे होते?

.३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या नळीतील सर्पिल खाचांच्या तळापर्यंतचा व्यास ०.३०८ इंच असतो, तर खाचांमधील कंगोऱ्यांपाशी तो ०.३०० इंच असतो. याचा अर्थ, गोळीला फिरकी देणारा कंगोरा केवळ ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर उंच असतो. साध्या छपाईच्या कागदाची जाडीही जवळपास तेवढीच भरते. रायफलची अचूकता या नाजूक कंगोऱ्यांवर उभी असते.

त्यातही दोन जागा विशेष महत्त्वाच्या असतात. पहिली जागा म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा ‘थ्रोट’. गोळी येथे प्रथम कंगोऱ्यांत शिरते. दुसरी म्हणजे नळीच्या तोंडाची कड, अर्थात ‘क्राउन’. गोळी नळीचा संपर्क सोडते ती येथे. ही कड एका बाजूने जरी झिजली, तरी गोळीमागचा वायू असमान रीतीने निसटतो आणि गोळी किंचित कलते.

आधाराविना घातलेली सळई जोर लावताच मध्ये वाकते. वाकलेला भाग चेंबरच्या कडेवर आणि थ्रोटवर घासत जातो. एका सफाईत काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षे तीच जागा घासली गेली, की परिणाम निशाण्यावर उमटू लागतो. दुसरी हानी द्रावकाची. भिजलेल्या चिंदीतून ओघळलेले द्रावक आणि काजळी चेंबरमागून खाली उतरून ट्रिगरच्या यंत्रणेत जाते. तेथे ते घट्ट होऊन चिकटले, तर ट्रिगर जड होतो अथवा विश्वासार्ह राहत नाही. हा प्रश्न अचूकतेपुरता उरत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

विरोधी मत आणि त्यातील तथ्य

अनेक जुने शिकारी बोअर गाइड वापरत नाहीत आणि त्यांच्या रायफली उत्तम चालतात. त्यांचा युक्तिवाद असा, की थ्रोटची खरी झीज सळईने होत नाही, ती बारुदाच्या तप्त वायूने होते. यात तथ्य आहे. .३०८ विंचेस्टरसाठी दाबाची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ६२,००० पौंड आहे. त्या दाबाखालील वायू प्रत्येक गोळीमागे थ्रोटचे पोलाद थोडे थोडे खातच असतो. वर्षाला एखादा डबा काडतुसे वापरून एकदोनदा सफाई करणाऱ्याच्या रायफलवर सळईचा परिणाम सहसा जाणवणार नाही.

मात्र स्पर्धेत उतरणाऱ्यांची स्थिती वेगळी असते. ५० मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावरील थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. या पातळीवर नळीची सूक्ष्म झीजही गुणांत दिसते. शिवाय वायूने होणारी झीज टाळता येत नाही. सळईने होणारी टाळता येते. म्हणून हा युक्तिवाद सफाई बेताने करण्याच्या बाजूने जातो, गाइड टाकून देण्याच्या बाजूने नाही.

इतिहासातील धडा

अमेरिकी लष्कराने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ गॅरँड रायफलचा मागचा भाग बंद असतो. त्यामुळे सळई नळीच्या तोंडातूनच घालावी लागते. त्यातच दुसऱ्या महायुद्धातील तिच्या काडतुसांच्या प्रायमरमधून गंज आणणारे क्षार नळीत उरत, म्हणून सफाई वारंवार करणे भाग होते. परिणामी जुन्या गॅरँड रायफलींची तोंडाकडची झीज हा खरेदीदारांच्या तपासणीचा नेहमीचा मुद्दा झाला. आजही अशी रायफल घेताना थ्रोट आणि तोंड या दोन्ही ठिकाणची झीज गेज लावून मोजतात.

महाराष्ट्रात एनसीसी केलेल्या वाचकांना दुसरी पद्धत आठवेल. .३०३ ली-एनफिल्ड रायफलच्या दस्त्यातील कप्प्यात तेलाची कुपी आणि ‘पुलथ्रू’ ही दोरी असे. दोरीचे पितळी वजन चेंबरकडून नळीत सोडायचे आणि फासात अडकवलेली चिंदी तोंडाकडून ओढून काढायची, ही ती पद्धत. येथे सळई वाकण्याचा प्रश्न येत नाही. तथापि दोरी तिरकी ओढली, तर तीही क्राउनची एक बाजू घासते. साधन कोणतेही असो, ते मध्यरेषेत राहिले पाहिजे, हाच नियम येथेही लागू होतो.

कोणत्या रायफलला काय योग्य?

बोल्ट-अ‍ॅक्शन : सळईने सफाई करायची असल्यास बोअर गाइड वापरावाच. .२२ कॅलिबरमध्ये सळई बारीक असल्याने ती अधिक सहज वाकते. तेथे गरज वाढते.

एआर-१५ : वरचा भाग वेगळा करून बोल्ट कॅरियर काढल्यास मागून सळई घालता येते. या रचनेसाठी वेगळे गाइड मिळतात.

रुगर १०/२२, गॅरँड आणि मागून सळई जाऊ न शकणाऱ्या रायफली : येथे चेंबरकडून तोंडाकडे ओढायची दोरी अथवा लवचिक केबल उत्तम. तोंडातून सळई घालावीच लागली, तर क्राउनचे रक्षण करणारा ‘मझल गाइड’ वापरावा.

लिव्हर-अ‍ॅक्शन : मार्लिन ३३६ सारख्या काही रायफलींत लिव्हरचा स्क्रू काढून बोल्ट बाहेर घेता येतो आणि मागून सफाई शक्य होते. जेथे तसे शक्य नाही, तेथे दोरीच बरी.

खरेदी आणि वापर

सर्व रायफलींना चालणारे गाइड स्वस्त असतात, पण चेंबरमध्ये सैल बसलेला गाइड सळईला मध्यरेषेत धरू शकत नाही. शक्यतो आपल्या रायफलच्या अ‍ॅक्शनला आणि काडतुसाला जुळणाराच घ्यावा. त्यातील छिद्र सळईपेक्षा फार मोठे नसावे. सळई एकसंध असावी. जोडसळईच्या सांध्यांच्या कडा नळीत खरवडतात आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये कचरा रुतून बसतो. प्लॅस्टिकचे आवरण असलेली पोलादी अथवा कार्बन फायबरची सळई अधिक सुरक्षित. तीही प्रत्येक फेरीनंतर पुसावी.

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग बोल्ट काढून गाइड बसवावा. द्रावकाने भिजवलेली चिंदी चेंबरकडून ढकलावी, तोंडाशी आल्यावर ती काढून टाकावी आणि सळई हळूच मागे घ्यावी. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये. तांब्याचा थर काढणारे द्रावक वापरताना चिंदीवरचा निळा डाग पितळी टोकामुळेही पडू शकतो. तो पाहून नळी अजून अस्वच्छ आहे असे समजून घासत राहू नये.

शेवटी गाइड काढून चेंबर कोरड्या चिंदीने पुसावे. चेंबरमध्ये तेल राहिल्यास काडतुसाचे कवच भिंतीला नीट पकडत नाही आणि बोल्टवर जास्त भार येतो. गाइडही आतून स्वच्छ करून ठेवावा, कारण आत साचलेली काजळी पुढच्या वेळी सळईसोबत नळीत जाते. रबरी कडे चिरले असल्यास बदलावे. शिशाचा अंश हातांना लागत असल्याने हात साबणाने धुवावेत आणि खोली हवेशीर असावी.

जुनी रायफल विकत घेणाऱ्यांनी क्राउनच्या कडेवरून कापसाची काडी फिरवून पाहावी. एखाद्या ठिकाणी धागे अडकले, तर तेथे कड खरखरीत झाली आहे असे समजावे. खराब झालेला क्राउन कुशल कारागीर पुन्हा कापून देऊ शकतो. झिजलेला थ्रोट मात्र सहज भरून येत नाही. त्यासाठी बहुधा नळी मागून कापून चेंबर नव्याने कोरावे लागते किंवा नळीच बदलावी लागते. बोअर गाइडची किंमत या खर्चाच्या तुलनेत किरकोळ आहे. सळईने वारंवार सफाई करणाऱ्याने तो घ्यावा, क्वचित करणाऱ्याने दोरीवर भागवावे आणि दोघांनीही गरजेपेक्षा अधिक घासू नये.