हृदंतस्तरशोथ : प्रतिजैव प्रतिबंधाचा इतिहास

हृदयाचे कप्पे व झडपा यांच्या आतील आवरणाचे सूक्ष्मजंतूंमुळे संक्रामण होऊन येणारी दाहयुक्त सूज म्हणजे संक्रामणजन्य हृदंतस्तरशोथ होय. संधिज्वराने विकृत झालेल्या, जन्मतः सदोष असलेल्या अथवा कृत्रिम झडपांवर रक्तातून आलेले जंतू सहज स्थिरावतात. पेनिसिलिनाच्या वापरापूर्वी हा रोग बहुतेक नेहमीच प्राणघातक ठरे.

लंडन येथील टॉमस होर्डर यांनी १९०९ मध्ये १५० रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध करून तोंडातील जंतूंकडे लक्ष वेधले. दात काढल्यानंतर रक्तात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे गोलाणू काही काळ आढळतात, हे ओकेल व इलियट यांनी १९३५ मध्ये दाखविले. दंतकर्मापूर्वी प्रतिजैव औषध दिल्यास रोग टळेल, हे अनुमान यावरूनच निघाले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये तशी पहिली शिफारस केली. योगायोगाने त्याच वर्षी पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या शासकीय कारखान्यात पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. या कारखान्याच्या उभारणीस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभले होते.

ही शिफारस नियंत्रित चाचण्यांवर नव्हे, तर मुख्यतः अनुमानावर आधारलेली होती. दात घासताना व अन्न चावतानाही जंतू रक्तात शिरतात. त्यामुळे दंतकर्माच्या वेळच्या एका मात्रेने कितपत संरक्षण मिळते, याविषयी शंका घेतली जाऊ लागली. अमेरिकन संस्थेने २००७ मध्ये हा उपचार कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदंतस्तरशोथ व काही जन्मजात विकृती अशा अतिजोखमीच्या रुग्णांपुरता मर्यादित केला. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००८ मध्ये तो देऊच नये, असे सुचविले. २०१६ मध्ये ‘सरसकट’ हा शब्द घालून ती सूचना सौम्य केली. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत अतिजोखमीच्या रुग्णांसाठी हा उपचार निःसंदिग्धपणे पुरस्कारला आहे. सामान्यतः प्रौढांस २ ग्रॅम अमॉक्सिसिलीन दंतकर्मापूर्वी ३० ते ६० मिनिटे एकदाच देतात. पेनिसिलिनाची अधिहर्षता असल्यास अन्य औषध योजतात.

अमेरिकन यादीतून केवळ संधिज्वराने बिघडलेली नैसर्गिक झडप वगळली गेली. ऑस्ट्रेलियात मात्र संधिज्वरजन्य हृद्‌रोगाचा धोका अधिक असलेल्या लोकसमूहांसाठी हे संरक्षण कायम ठेवले आहे. भारतात हा हृद्‌रोग अद्याप आढळत असल्याने हा मतभेद येथे महत्त्वाचा ठरतो.

संधिज्वर पुन्हा उद्‌भवू नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी देण्यात येणारे बेंझाथिन पेनिसिलीन हा वेगळा प्रतिबंध असून तो दंतकर्मापूर्वीच्या मात्रेची जागा घेत नाही. ग्रामीण वस्ती मोठी असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. तथापि दीर्घकाळ नियमाने घ्यावयाच्या अंतःक्षेपणांसाठी गावाजवळचे आरोग्य केंद्रच सोयीचे असते. झडपेचा विकार असलेल्या रुग्णाने दंतवैद्यास तो आधी सांगणे आणि रोज दात व हिरड्या स्वच्छ ठेवणे, या दोन गोष्टींविषयी मात्र कोणत्याही पक्षाचे दुमत नाही.