साथीच्या काळात मुलांचा दमा

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात इंदुरात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले आणि एप्रिलमध्ये आपले शहर देशातील सर्वाधिक बाधित शहरांत गणले जाऊ लागले. ज्या घरात दम्याचे मूल होते, तिथे खोकल्याची प्रत्येक उबळ धडकी भरवी.

त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या घरांतून एक समजूत ऐकू येई: पंपात स्टिरॉइड असते, त्याने प्रतिकारशक्ती घटते, तेव्हा साथ सरेपर्यंत पंप बंद ठेवावा. ती अजूनही गेलेली नाही, म्हणून इथे नोंदवतो. दम्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या जागतिक संस्थेचा सल्ला नेमका उलट होता: रोजचा प्रतिबंधक पंप चालूच ठेवावा. त्यातले औषध थोडे असते आणि थेट श्वासनलिकांतली सूज आटोक्यात ठेवते. ते परस्पर बंद केले, तर पुढे साध्या सर्दीनेही दम उसळू शकतो. निळा पंप वेगळा. तो आवळलेल्या नळ्या तेवढ्या सैल करतो, सूज उतरवत नाही.

नेब्युलायझरच्या तुषारांतून विषाणू पसरण्याची शंका असल्याने शक्य तिथे पंप आणि स्पेसर वापरण्यास सांगितले गेले. पंप हलवून एक दाब द्यावा, मुलाने संथपणे पाच-सहा श्वास घ्यावेत, मगच दुसरा दाब. लहानग्यांना स्पेसरला मास्क लावावा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरणे आवश्यक. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा, फडक्याने पुसू नये. काढा आणि वाफारा यांवर आपल्याकडे फार भिस्त. पण वाफाऱ्याने दमा उतरत नाही, पोर भाजण्याचा धोका मात्र खरा.

एक गोष्ट अनेकांना चकित करील. २०२० मध्ये अनेक देशांत मुलांचे दम्याचे झटके वाढले नाहीत, उलट बरेच घटले. शाळा बंद, मास्क, हात धुणे, त्यामुळे दम्याला चेतवणारी सर्दीच कमी झाली. दमा आटोक्यात असलेल्या मुलांना कोरोना अधिक गंभीर झाल्याचेही सहसा दिसले नाही. शाळा उघडल्यावर सर्दी परतली, आणि तिच्यासोबत दमाही.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, फासळ्यांखाली खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर निळा पंप देत देत १०८ ला फोन करावा किंवा तडक रुग्णालय गाठावे. साथ असो वा नसो, तेव्हा घरी थांबू नये.