खर्डा, 11 मार्च 1795 : दिवस बरोबरीचा, रात्र घाताची

करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर निजामाचे सरदार, आणि करमाळ्याच्या ईशान्येला खर्ड्याचा किल्लाही निंबाळकरांनीच बांधलेला. थकलेल्या चौथाईवरून पेशवे आणि निजाम अलीखान खर्ड्याजवळ भिडले. कवायती पलटणींचे म्होरके मात्र फ्रेंच: पेशव्यांच्या बाजूने शिंद्यांकडे पेराँ आणि होळकरांकडे द्युद्रेनेक, तर निजामाकडे रेमाँ. तिघांत खानदानी एकटा ‘शव्हालिए’ द्युद्रेनेक. फ्रान्सने उमरावशाही 1790 मध्येच मोडीत काढली होती. द्युद्रेनेकचा हा किताब मात्र होळकरांच्या छावणीत शाबूत होता.

सकाळ. निजामाची फौज खर्ड्याहून परांड्याकडे निघते. रेमाँच्या पलटणींवर फ्रेंच प्रजासत्ताकाचे निशाण. पेराँकडे सुमारे दहा हजार कवायती शिपाई, द्युद्रेनेककडे दोन हजार. 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या याच कवायती फौजेने द्युद्रेनेकच्या पलटणी कापून काढल्या होत्या. आज ती त्याच्या बाजूने लढते आहे.

पहिली चकमक. टेहळणीला पुढे गेलेले परशुरामभाऊ पटवर्धन निजामाच्या पठाणांच्या हल्ल्यात जखमी होतात. मराठ्यांची आघाडी मागे रेटली जाते.

ऐन लढाई. उंचवट्यावरून पेराँच्या तोफा आणि रघूजी भोसल्यांचे अग्निबाण निजामाच्या घोडदळावर सुटतात. घोडदळ उधळते. रेमाँचे पायदळ मात्र जागा सोडत नाही. पेराँच्या पलटणींना ते भारीच पडते आहे.

संध्याकाळ. निजामाच्या छावणीतला जनाना घाबरलेला, त्याचाही धीर सुटलेला. रेमाँला माघारीचा हुकूम येतो. तो नाइलाजाने पलटणी मागे घेतो.

मध्यरात्र. घोड्यांना पाणी पाजायला आलेली मराठ्यांची छोटी तुकडी ओढ्यावर निजामाच्या लोकांना दिसते. गोळी सुटते. रेमाँचे पहारेकरीही बार काढतात. भरल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली अख्खी रांग दचकून उठते आणि अंधारातच गोळीबार करते. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात धाव घेतो. किल्ला लहान आणि तीन बाजूंनी डोंगर. आत शिरणे सोपे, निघणे कठीण.

पहाट. निजामाच्या फौजेचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तोफा, सामान वाऱ्यावर. पेंढारी लुटीला लागलेले.

दोन दिवस तोफांचा मारा सोसून निजामाने तह मागितला: तीन कोटी रुपये, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबाद, आणि ओलीस म्हणून दिवाण मुशीरुल्मुल्क. प्रत्यक्ष लढाईत दोन्ही बाजूंचे मृत मिळून जेमतेम दोनशे. कवायत विकत मिळाली होती. माघारीचा हुकूम धन्याचाच होता. 1798 मध्ये इंग्रजांनी हैदराबादची फ्रेंच फौज निःशस्त्र केली, आणि 1803 मध्ये शिंद्यांच्या चाकरीत असलेला शव्हालिए त्यांनाच शरण गेला.