भुईआवळ्याच्या नावाची गोष्ट

कुंभार पिंपळगावला मिरगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत आमच्या बांधावर भुईआवळा दिसायला लागतो. वीतभर झाड, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांखाली मोहरीएवढी फळं. आजी त्याला काविळीचं झाड म्हणायची. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी तेच उपटून नेलं, दाबून वाळवलं आणि चिठ्ठीवर ठसठशीत लिहिलं : फिलँथस निरुरी.

सरांनी विचारलं, ‘‘नाव कुठून घेतलंस?’’
‘‘पुस्तकातून, सर.’’
‘‘पुस्तक कोणत्या सालचं?’’

या एका प्रश्नामुळे मला वनस्पतींच्या नावांचा इतिहास वाचावा लागला. संशोधनाच्या तयारीत असाल तर तुम्हालाही हा प्रश्न कधीतरी विचारला जाणारच, म्हणून लिहितोय.

फिलँथस निरुरी हे नाव लिनिअसने १७५३ साली दिलं. पुढे भारतात भुईआवळ्यासारखं जे जे दिसलं, त्याला हेच नाव चिकटत गेलं. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’मध्ये ते आहे. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात छापली, तिच्यातही ते आहे. आता गंमत बघा. आपला जालन्याचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे कुक यांच्या हद्दीबाहेर. तरी आपण वर्षानुवर्षं त्यांचंच पुस्तक उघडून आपल्या बांधावरची झाडं ओळखत आलो. खास मराठवाड्याची दोन खंडांची सूची प्रा. व्ही. एन. नाईक यांनी केली, ती आली १९९८ साली.

नावातला घोळ उघड झाला तो १९५०च्या दशकात. ग्रेडी वेब्स्टर हा अमेरिकन अभ्यासक वेस्ट इंडीजमधल्या फिलँथसवर काम करत होता. जुने नमुने आणि जुनी वर्णनं ताडून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की निरुरी हे नाव खरं तर अमेरिकेतल्या झाडाचं आहे. भारतात त्या नावाखाली एक नाही, अनेक जाती मोडत होत्या. त्यातली एक फिलँथस अमारस. तिचं नाव १८२७ पासूनच छापील होतं. दुसरीला वेब्स्टरनेच १९५५ साली फिलँथस फ्रॅटर्नस असं नाव दिलं. भारतीय वनस्पतिसूच्यांतल्या या गोंधळाचा सविस्तर आढावा मित्रा आणि जैन यांनी १९८०च्या दशकात घेतला. म्हणजे मधे तीसेक वर्षं गेली.

‘नावच तर आहे, काय फरक पडतो?’ असं मलाही वाटलं होतं. पण पुढचं ऐका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधल्याबद्दल नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली एक निबंध छापला. या झाडाचा अर्क त्या विषाणूवर काम करतो, असा त्याचा आशय होता. निबंधात नाव होतं निरुरी. पुढच्याच वर्षी मद्रासच्या रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, तिथे नाव अमारस. औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, असं त्यात म्हटलं होतं. इतर देशांत मात्र तसे निकाल मिळाले नाहीत. त्याला कारणं अनेक असू शकतात : अर्क काढायची पद्धत, रुग्ण, झाड कुठून आणलं. पण पहिलाच प्रश्न हा येतो, की झाड तेच होतं का? नमुना जपून ठेवलेला नसेल तर याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

आणखी एक. जुन्या पुस्तकांत भुईआवळा आणि आवळा दोघंही एरंडाच्या कुळात सापडतील. हे कूळ जुस्यूने १७८९ साली मांडलं. डीएनएच्या अभ्यासानंतर, २००३ च्या वर्गीकरणात फिलँथसचं स्वतंत्र कूळ मान्य झालं. एरंड जागेवर राहिला, आवळा बाहेर पडला. त्यामुळे एखाद्या पुस्तकाने ‘एरंड कुल’ म्हटलं तर आधी त्याचं साल बघा.

तर मंडळी, प्रबंधात झाडाचं नाव लिहिताना तीन गोष्टी सोडू नका : नावापुढे ते देणाऱ्याचं नाव, कोणत्या सूचीवरून ओळखलं ते, आणि हर्बेरियममध्ये जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक.

माझ्या नमुन्याचं पुढे काय झालं? भिंगाखाली फूल उघडून पाकळ्यांसारखी दलं मोजली. फ्रॅटर्नसला ती सहा असतात, इथे पाच निघाली. पानाच्या बगलेत नर आणि मादी फुलं जोडीने होती. म्हणजे अमारस. मी जुनी चिठ्ठी काढायला लागलो तर सरांनी हात धरला. हर्बेरियममध्ये चुकलेलं नाव फाडून टाकत नाहीत. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर आपलं नाव आणि तारीख टाकायची. आता त्या कागदावर माझ्याच हाताच्या दोन चिठ्ठ्या आहेत.