फाब्रित्सिओ दे आंद्रे : उपेक्षितांचा इटालियन गीतकार

स्वतः गीत लिहायचे, स्वतःच त्याला चाल लावायची आणि स्वतःच्याच आवाजात ते गायचे, अशा कलावंताला इटालियन भाषेत 'कांताउतोरे' म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत या परंपरेने अनेक मोठी नावे दिली. त्यांत फाब्रित्सिओ दे आंद्रे यांचे स्थान वेगळे आहे. वेश्या, चोर, फाशी गेलेले कैदी, रणांगणावर पडलेले सैनिक, भटके जिप्सी अशा समाजाने दूर लोटलेल्या माणसांना त्यांनी आपल्या गीतांत आयुष्यभर जागा दिली. विशेष म्हणजे, हा कलावंत अत्यंत सुखवस्तू घरात जन्मला होता.

श्रीमंत घरातील बंडखोर

दे आंद्रे यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९४० रोजी जेनोआ या बंदराच्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे हे उद्योजक होते आणि पुढे ते जेनोआचे उपमहापौरही झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब शहर सोडून आस्ती परिसरातील शेतावर राहावयास गेले होते. फाब्रित्सिओ यांनी विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, पण त्यांचे मन रमले ते बंदरालगतच्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांमध्ये. खलाशी, दारूचे गुत्ते आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांचे जग त्यांनी तेथे जवळून पाहिले. फ्रेंच गीतकार जॉर्ज ब्रासेन्स यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. ब्रासेन्स यांची अनेक गीते त्यांनी इटालियनमध्ये आणली. पुढे लेनर्ड कोहेन यांची गीतेही त्यांनी आपल्या भाषेत रूपांतरित केली.

आरंभीच्या काळातील त्यांचे एक विडंबनगीत बालमित्र पाओलो विलाज्जो यांच्या लेखणीतून उतरले होते. हेच विलाज्जो पुढे इटलीतील आघाडीचे विनोदी अभिनेते ठरले. १९६४ च्या सुमारास आलेले 'ला ग्वेर्रा दी पियेरो' हे युद्धविरोधी गीत आज इटलीत अनेक पिढ्यांना पाठ आहे. शत्रूवर गोळी झाडताना क्षणभर घुटमळणारा आणि त्या माणुसकीपायीच प्राण गमावणारा सैनिक हा त्याचा विषय.

खरे यश मात्र 'ला कांत्सोने दी मारिनेल्ला' या गीताने दिले. नदीत मृतावस्थेत सापडलेल्या एका तरुणीच्या बातमीवरून हे गीत सुचले, असे दे आंद्रे सांगत. बातमीतील क्रूर मृत्यू त्यांनी परीकथेत गुंफला. लोकप्रिय गायिका मिना यांनी १९६७ मध्ये ते गायले आणि घराघरांत पोहोचवले. त्यातून मिळालेल्या मानधनामुळे कायद्याचा अभ्यास सोडून गाण्यावर जगणे त्यांना शक्य झाले. त्याच वर्षी सानरेमो महोत्सवाच्या काळात त्यांचे मित्र, गायक लुइजी तेन्को यांचे निधन झाले. त्या आघातातून 'प्रेगिएरा इन जेन्नायो' हे गीत जन्मले.

विषयाभोवती गुंफलेले संग्रह

सुटी गीते गाण्यापेक्षा एका सूत्राभोवती संपूर्ण ध्वनिमुद्रिका उभारणे, हे दे आंद्रे यांचे वैशिष्ट्य. १९७० च्या 'ला बुओना नोव्हेल्ला'मध्ये त्यांनी बायबलमध्ये समाविष्ट नसलेल्या ख्रिस्तकथांचा आधार घेतला. विद्यार्थी चळवळ भरात असताना येशूची गीते कशासाठी, असा प्रश्न अनेकांनी केला. सत्तेच्या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून आपण येशूकडे पाहतो, असे त्यांचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्स यांच्या 'स्पून रिव्हर' या काव्यसंग्रहावर आधारित नऊ गीते आली. स्मशानातील मृतांनी स्वतःची कहाणी सांगावी, अशी त्या संग्रहाची कल्पना. फेर्नांदा पिवानो यांच्या अनुवादामुळे ती कविता इटलीत परिचित होती. संगीताच्या कामात निकोला पियोवानी यांचा सहभाग होता. पियोवानी यांना पुढे 'लाइफ इज ब्यूटिफुल' चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

इतकी लोकप्रियता असूनही दे आंद्रे रंगमंचाला बिचकत. त्यांचे नियमित जाहीर कार्यक्रम १९७५ मध्ये, म्हणजे वयाच्या पस्तिशीत सुरू झाले.

चार महिन्यांची कैद

सार्डिनिया बेटावर त्यांनी शेत घेतले होते. २७ ऑगस्ट १९७९ रोजी तेथूनच त्यांचे आणि त्यांच्या जोडीदार, गायिका दोरी गेत्सी यांचे खंडणीसाठी अपहरण झाले. सुमारे चार महिने दोघे डोंगराळ भागात कैदेत होते. वडिलांनी सुमारे ५५ कोटी लिरांची खंडणी भरल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

आयुष्यभर गुन्हेगारांबद्दल सहानुभूतीने लिहिणाऱ्या कवीची ही कसोटीच होती. खटल्याच्या वेळी दे आंद्रे यांनी प्रत्यक्ष पहारा देणाऱ्यांना क्षमा केली. पडद्यामागील सूत्रधारांना मात्र ती नाकारली. पहारेकरी गरिबीतून या मार्गाला लागले होते, सूत्रधार सुखवस्तू होते, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. त्यांच्या गीतांतील भूमिका केवळ कागदावरची नव्हती, याचा हा पुरावा ठरला. १९८१ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी सार्डिनियन जनता आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी यांच्या व्यथा शेजारी ठेवल्या. कैदेच्या आठवणींवरील 'होटेल सुप्रामोन्ते' हे गीतही त्यातच आहे.

बोलीचा विजय

१९८४ मध्ये माउरो पगानी यांच्यासह केलेली 'क्रेउझा दे मा' ही ध्वनिमुद्रिका त्यांची सर्वोत्तम निर्मिती मानली जाते. ती प्रमाण इटालियनमध्ये नसून जेनोआच्या बोलीत आहे. शतकानुशतके भूमध्य समुद्रावर व्यापार करणाऱ्या या बोलीत अरबी-तुर्की शब्द मिसळलेले आहेत. त्याला शोभतील अशी वाद्येही योजली गेली. बहुसंख्य इटालियनांना शब्द कळत नव्हते, तरी श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. लेबनॉनमधील युद्धात मूल गमावलेल्या बापाचा आक्रोशही तिच्यात आहे.

१९८५ मध्ये मृत्युशय्येवरील वडिलांना दिलेल्या वचनाखातर त्यांनी मद्यपान सोडले. १९८९ मध्ये दोरी गेत्सी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९९६ ची 'आनिमे साल्व्हे' ही इव्हानो फोसाती यांच्यासह रचलेली ध्वनिमुद्रिका अखेरची ठरली. तिच्यातही केंद्रस्थानी होते ते एकाकी, बहिष्कृत आणि अल्पसंख्य जीवन.

११ जानेवारी १९९९ रोजी मिलान येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जेनोआतील अंत्यसंस्काराला सुमारे दहा हजार लोक जमले. स्टालिएनो येथील दफनभूमीत ते विसावले आहेत. ज्या 'व्हिया देल काम्पो' गल्लीवर त्यांनी गीत लिहिले, त्या गल्लीत आज त्यांची गिटार आणि जेनोआच्या गीतकारांच्या आठवणी जपणारे संग्रहालय आहे. एकेकाळी सभ्य लोक ज्या वस्तीकडे पाठ फिरवत, तेथे आता पर्यटक त्या गीताच्या शोधात येतात.