घंटाघरातील नामावली

इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या मनोऱ्यात, जिथे घंटांचे दोर खाली येतात त्या खोलीच्या भिंतींवर लाकडी फलक लावलेले आढळतात. अमुक दिवशी, इतक्या तासांत, इतके ‘बदल’ वाजवले गेले; आणि खाली प्रत्येक घंटेसमोर एकेका वादकाचे नाव. धर्मगुरूचे नाव असलेच तर बहुधा तळाशी. वाङ्मयेतिहासात ग्रंथकारांची नामावली शिकवणाऱ्या आम्हांला हे वेगळेच इतिहासलेखन वाटते. इथे गावच्या कारागिरांनी आणि कष्टकऱ्यांनी आपल्या कर्तृत्वाची नोंद स्वतःच करून ठेवली आहे.

या वादनात सुरावट नसते. प्रत्येक घंटा अखंड चाकावर बसवलेली आणि एकाच माणसाच्या हाती. ती पूर्ण वर्तुळात फिरते, त्यामुळे वादक तिची पाळी किंचितच पुढेमागे करू शकतो. परिणामी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना कोणतीही घंटा एका स्थानापलीकडे सरकत नाही. या अडचणीतूनच क्रमबदलाचे शास्त्र जन्मले. १६६८ मध्ये ‘टिंटिनॅलॉजिया’ हा ग्रंथ निघाला, १६७७ मध्ये फेबियन स्टेडमनचा ‘कॅम्पॅनालॉजिया’. स्टेडमन छापखान्यातला माणूस होता, हे खिळे जुळवण्याचे काम ठाऊक असलेल्यांना अर्थपूर्ण वाटेल.

सात घंटांचे क्रम ५,०४० होतात. २ मे १७१५ रोजी नॉर्विचच्या सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये ते सर्व, एकाचीही पुनरावृत्ती न होता, सलग वाजवले गेले. तीन तासांहून अधिक वेळ लागला. हाती कागद नाही, सारे मुखोद्गत. नेमका हाच आकडा देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त, तेराव्या शतकात, सात स्वरांच्या कूटतानांसाठी येतो. यावरून देवाणघेवाण सुचवण्याचा मोह आवरावा. गणित एकच आहे, इतकेच. मात्र शार्ङ्गदेवाचा प्रस्तार गायकाला सामग्री पुरवतो, नॉर्विचकरांनी अख्खा प्रस्तारच वाजवून दाखवला.

पद्धती सर्वत्र त्याच, म्हणून परगावचा वादक अनोळखी मनोऱ्यातही दोर हाती घेऊ शकतो. रेल्वेनंतर हा प्रवास वाढला आणि स्थानिकांच्या शेजारी पाहुण्यांची नावे येऊ लागली. १९११ पासून ‘द रिंगिंग वर्ल्ड’ हे साप्ताहिक अशा नोंदी छापत आले आहे. १९३४ मध्ये तर इंग्लंडमधील वादकांची एक तुकडी ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आली.

पाहुण्यांना मोकळे असलेले हे दार घरच्या स्त्रियांना मात्र दीर्घकाळ बंद होते. घंटा जड, हे त्याचे नेहमीचे कारण. ते आम्हांला पटत नाही. तोल साधलेली घंटा बळापेक्षा वेळेचे भान मागते. १८९६ मध्ये बेझिंगस्टोक येथे ॲलिस व्हाइट या पूर्ण ‘पील’ वाजवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्त्री-वादकांचा संघ स्थापन व्हायला १९१२ उजाडले.

दोनच वर्षांनी महायुद्ध सुरू झाले. त्यात सुमारे १,४०० वादक मारले गेले आणि कित्येक मनोऱ्यांतले दोर रिकामे राहिले. जून १९४० मध्ये घंटा केवळ शत्रूच्या आक्रमणाच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवण्यात आल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल-अलामीनच्या विजयासाठी तेवढ्या वाजल्या, आणि बंदी पूर्णपणे उठली १९४३ मध्ये. युद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त २०१८ मध्ये, पहिल्या महायुद्धातील मृतांच्या संख्येइतके नवे वादक तयार करण्याचे आवाहन झाले. पुढे आलेल्यांची संख्या त्याहून जास्त भरली, आणि त्यांच्यात स्त्रियाही होत्या.